आण्णांच्या नावाची नोटीस

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. बेळगावच्या आठवणी म्हटलं की आपण कुंदा, मांडे, गणपत गल्लीतली गर्दी, पावसाळ्यातलं जांबोटी यांवर लिहितो. मीही लिहिलंय. आज वेगळी आठवण आहे आणि ती गोड नाही.

२०१७ चा ऑक्टोबर. दुपारी साडेतीनच्या सुमाराला दारात पोलीस आला. ओळखीचाच होता. त्याचा मुलगा आणि आमचा पुतण्या एका वर्गात. घरात कन्नड बोलणारा, पण मराठी आपल्यापेक्षा चांगलं. हातात कागदांची चळत. म्हणाला, "मावशी, आण्णा आहेत काय? सही पायजे होती."

आईने त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "ते गेल्याला दोन वर्षं झाली की. तुला ठाऊक नाही काय?"

बिचारा इतका ओशाळला. "मला ठाऊक हाय मावशी, मी आलो होतो की तवा. पण वरनं लिस्ट आलीया. मी काय करू?"

"मग सदाशिवनगरला जाऊन दे," आई म्हणाली. ज्यांना बेळगाव माहीत नाही त्यांच्यासाठी: सदाशिवनगरला आमची स्मशानभूमी आहे.

तो कागद म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ ची कारणे दाखवा नोटीस. १ नोव्हेंबर जवळ आला होता. त्या दिवशी राज्याचा स्थापना दिन, आणि १९५६ पासून आम्हा सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस. धर्मवीर संभाजी उद्यानापासून सायकल फेरी निघते. ही फेरी निघण्याआधी, गणपतीच्या आधी, निवडणुकीच्या आधी, हिवाळी अधिवेशनाच्या आधी हे कागद वाटले जातात. तुमच्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता आहे, तेव्हा अमुक रकमेचा बाँड आणि दोन जामीनदार का घेऊ नयेत याचं कारण दाखवा. माझे वडील, वारले १९ सप्टेंबर २०१५, यांच्याकडून २०१७ च्या नोव्हेंबरात शांतताभंग होण्याची शक्यता होती.

आम्ही त्या संध्याकाळी खूप हसलो. गल्लीभर किस्सा झाला. मला राग यायला चार दिवस लागले. तो अजून गेलेला नाही.

आण्णांचा शहापुरात छापखाना होता. शहापूर म्हणजे जुनं सांगली संस्थान, बेळगाव शहराला चिकटलेलं. एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर आणि आण्णा स्वतः. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, भजनी मंडळाची पत्रकं, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती. आणि हो, सभा-मोर्चांची हँडबिलंसुद्धा. कन्नड पत्रिका यायच्या तेव्हा कन्नड खिळे दुसऱ्या छापखान्यातून उसने आणायचे. आण्णा पुढारी नव्हते. व्यासपीठावर कधी चढले नाहीत. फेरीला जायचे, पण सायकल ढकलत, कारण त्यांना दम लागायचा.

प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असायची: मुद्रक, आण्णांचं नाव, छापखान्याचं नाव, शहापूर, बेळगाव. १८६७ चा इंग्रजांचा कायदा होता की छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण वाचता येईल असं पाहिजे. साध्या हँडबिलावरही आण्णा ती ओळ कधी चुकवायचे नाहीत. गिऱ्हाईक कधी म्हणायचं, आण्णा, जागा नाही, तेवढं राहू दे. आण्णा मजकुरातली एक ओळ कमी करायचे, पण नाव घालायचे. "छापलंय ना आपण? मग खाली आपलं नाव पाहिजे."

१९८६ ला ती ओळच त्यांना भोवली. त्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. प्राथमिक शाळेपासून कन्नड सक्तीचं, असा सरकारचा निर्णय होता. गोळीबार झाले, आमची माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे. त्यावर इथे अनेकांनी लिहिलंय, शरद पवार आणि छगन भुजबळ कसे लपूनछपून बेळगावात शिरले तेही सगळ्यांना पाठ आहे. मी फक्त आमच्या घरातलं सांगतो. रात्री अकराला जीप आली. साहेबाच्या हातात एका सभेचं हँडबिल. त्याने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे तूच काय?

आण्णा म्हणाले, "मीच. कायद्यानं घालावं लागतं साहेब."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. दाराआड उभा होतो. त्यांना नेलं. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांपुढे उभं केलं. गुन्हा कुठला? गुन्हा नाहीच. गुन्हा होऊ नये म्हणून. बाँड दे नाहीतर आत बस. आण्णांनी विचारलं, मी काय केलंय ते लिहून द्या, मग देतो. लिहून कोणी दिलं नाही. आण्णा अकरा दिवस आत राहिले. बाराव्या दिवशी दोन जामीनदार उभे राहिले. त्यातला एक आमचा कागदाचा व्यापारी, कन्नड माणूस, ज्याच्याकडे आमची तीन महिन्यांची उधारी होती. हे मुद्दाम लिहितोय, कारण खाली कॉमेंटमध्ये कोणीतरी लगेच कानडी-मराठी सुरू करणार. कृपा करून करू नका. माझं भांडण भाषेशी नाही, त्या कागदाशी आहे.

आता तो कागद काय असतो ते सांगतो. बँकेतनं रिटायर झाल्यावर मी ही कलमं वाचली. वकील नाही, पण कारकुनी डोळा आहे.

कलम १०७ सांगतं की दंडाधिकाऱ्याला माहिती मिळाली आणि त्याचं मत झालं की कारवाईला पुरेसा आधार आहे, तर तो शांतता राखण्याचा बाँड मागू शकतो, जास्तीत जास्त एका वर्षाचा. कलम १११ सांगतं की त्याआधी लेखी आदेश काढायचा: मिळालेल्या माहितीचा सारांश काय, रक्कम किती, मुदत किती, जामीनदार किती आणि कसे. कलम ११२ सांगतं की माणूस समोर असेल तर आदेश त्याला वाचून दाखवायचा, आणि त्याने मागितलं तर समजावून सांगायचा. कलम ११६ सांगतं की माहिती खरी आहे की नाही याची चौकशी करायची, आणि सहा महिन्यांत चौकशी संपली नाही तर सामान्यतः प्रकरण आपोआप संपतं. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. १०७ चं १२६ झालं, १४४ चं १६३ झालं. आकडे बदलले, कागद तोच.

म्हणजे कायद्यात सगळं आहे. माहिती, सारांश, वाचून दाखवणं, चौकशी. आमच्याकडे यातलं काय होतं? लिस्ट होते.

याच कलमांवर एका मराठी माणसाने सर्वोच्च न्यायालय गाठलं होतं. मधु लिमये. पुण्याचा माणूस, गोवा मुक्तीसाठी पोर्तुगीजांच्या तुरुंगात दीडेक वर्षाहून जास्त काढलेला, आणि नंतर बिहारमधल्या मुंगेरचा खासदार. १९६८ मध्ये त्यांना बिहारात अटक झाली आणि अटकेचं कारण सांगितलं गेलं नाही. त्यांनी तुरुंगातून न्यायालयाला पत्रच लिहिलं. त्याच वर्षी न्यायालयाने त्यांना सोडलं: अटक करता, मग कारण सांगा, राज्यघटनेचं कलम २२ तसं म्हणतं. १९७० ला पुन्हा त्यांचीच केस, या वेळी १०७ आणि १४४ वर, सात न्यायमूर्तींसमोर. कलमं रद्द झाली नाहीत, तेही सांगायला पाहिजे. पण न्यायालयाने एक गोष्ट ठणकावली: माहिती खरी आहे का याची चौकशी सुरू केल्याशिवाय दंडाधिकाऱ्याला अंतरिम बाँड मागता येत नाही. आधी चौकशी, मग कागद.

१९७० चा निकाल. आण्णा आत गेले १९८६ ला. सोळा वर्षांत तो निकाल मुंगेरहून बेळगावला पोचला नव्हता. २०१७ लाही पोचला नव्हता.

आता माझ्या अंगावर यायची गोष्ट. १९८६ नंतर आण्णांचं नाव लिस्टमध्ये कायमचं बसलं. दरवर्षी नाही, पण दोन-तीन वर्षांतून एकदा कागद यायचाच. आण्णा पहिल्यांदा भांडले तसे पुन्हा भांडले नाहीत. मीच भांडू दिलं नाही. मी बँकेत चिकटलो होतो, लग्न व्हायचं होतं. मी म्हणायचो, आण्णा, सही करा आणि मोकळे व्हा, कशाला उगाच. पुढे तर जामीनदार म्हणून मीच सही करायला लागलो. कागद कन्नडमध्ये असायचा. मला कन्नड वाचता येतं, शाळेत शिकलोय, बँकेत रोजचं काम त्यात. तरी एकदाही वाचला नाही. सतरा वर्षं न वाचता सह्या केल्या. बँकेत गिऱ्हाइकाला सांगायचो, वाचून सही करा हं.

एकदा आण्णा म्हणाले होते, "तू सही केलीस म्हणजे कबूल झालं, की मी दंगेखोर." मी म्हटलं, "तसं काही नसतं ओ आण्णा, फॉर्मॅलिटी असते." ते काही बोलले नाहीत. केसमधले खिळे साफ करत बसले.

फॉर्मॅलिटी नसते. आमच्या गल्लीतल्या एका पोराला पुण्यात नोकरी लागली, कंपनीने पोलीस पडताळणी मागितली, आणि त्यात हे १०७ निघालं. पोराने काय केलं होतं? फेरीत फोटो काढले होते. चौकशी कधी झालीच नव्हती, सहा महिने केव्हाच उलटून गेले होते, म्हणजे कायद्याने प्रकरण मेलेलं. पण नोंद जिवंत. नोकरी दीड महिना लोंबकळली. त्या पोराची आई रोज देवीला नवस बोलायची. कुठल्या साहेबाला याची झळ लागली? कोणालाच नाही. त्याने एक यादी टाइप करून घेतली आणि त्याची बदलीही झाली.

तर २०१७ च्या त्या नोटिशीनंतर मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. दहा रुपये, आणि आमच्या राज्याच्या नियमाप्रमाणे दीडशे शब्दांत, एकाच विषयावर. बँकेतल्या माणसाला दीडशे शब्द पुष्कळ. मी तीन गोष्टी मागितल्या: ज्या माहितीवरून आण्णांना नोटीस काढली तिची प्रत, माहिती देणाराचं पद, आणि आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव.

महिन्याने उत्तर आलं. आदेशाची झेरॉक्स मिळाली. एकतीस नावं. एकतीस जणांना मिळून एकच परिच्छेद: भाषिक तेढ निर्माण करून शांततेला बाधा आणण्याची शक्यता. एकतीस माणसांचं मन, बेत, बोलणं सगळं एका परिच्छेदात. त्यातले दोघे मयत. आण्णा आणि आणखी एक, तो तर सहा वर्षांपूर्वी गेलेला. एक अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला. एक जण दुबईत. मी घरोघरी जाऊन विचारलंय, म्हणून सांगतो.

माहिती देणाऱ्याबद्दल उत्तर: कलम ८(१)(छ) अन्वये देता येत नाही, गुप्त स्रोत उघड होईल आणि त्याच्या जिवाला धोका संभवतो. ज्या इसमाला माझे दिवंगत वडील दंग्याची तयारी करताना दिसले, त्याच्या जिवाला धोका! माझ्या मते त्याला डॉक्टरची गरज आहे, पण असो.

आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सोबतची प्रत पाहावी. प्रतीच्या तळाशी गोल शिक्का, त्यावर एक फराटा. नाव नाही. कोणाची सही ते कोणी सांगेना.

इथे माझं डोकं फिरलं. दोनशे हँडबिलं छापणाऱ्या माझ्या बापाला कायदा सांगतो, वाचता येईल असं नाव घाल. त्याने घातलं. त्या नावावर बोट ठेवून त्याला रात्री उचललं. आणि एकतीस माणसांना एका फटक्यात संशयित ठरवणारा माणूस स्वतःच्या कागदाखाली फराटा मारून जातो, आणि विचारलं तर म्हणतात, प्रत पाहावी.

काही जण म्हणतील, पोलिसांनी काय करायचं, दंगा होऊ द्यायचा? बेळगावात दंगे झालेत, मलाही माहीत आहे, दुकानांच्या काचा मीही उचलल्यात. ज्याच्यावर खरोखर संशय आहे त्याचा संशय लिहा. कुठे, कधी, काय बोलला, काय जमवलं. ते तपासा. मेलेल्या माणसाला नोटीस काढणारी यादी दंगा कसा थांबवणार? उलट खरा दंगेखोर त्या यादीत नसतोच, कारण तो हँडबिलाखाली नाव घालत नाही.

आणि मागणारा-देणारा यांचंही बघा. पूर्वी निदान पोलीस मागायचे आणि तहसीलदार द्यायचा. जिथे आयुक्तालय येतं तिथे हे दंडाधिकाऱ्याचे अधिकार पोलीस अधिकाऱ्यांनाच देता येतात. म्हणजे एका खोलीतला साहेब संशय घेणार, शेजारच्या खोलीतला साहेब न्याय करणार, आणि दोघांचा चहा एकाच किटलीतून. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या पोलीस उपायुक्तांना दिलेले असे अधिकार घटनेत बसत नाहीत म्हणून रद्द केले. बाकीच्या राज्यांत तो निकाल कधी पोचणार? मुंगेरच्या वेगाने?

जमावबंदीचंही तेच. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काश्मीरच्या प्रकरणात, अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर, सांगितलं की १४४ चे आदेश प्रसिद्ध करा, कारणं द्या, आणि तेच तेच आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. लोकांचं रास्त म्हणणं दाबायला हे कलम नाही. तरी डिसेंबर २०२२ मध्ये अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी आमचा महामेळावा व्हॅक्सिन डेपोवर जमावबंदी लावून बंद पाडला, कार्यकर्त्यांना उचललं. तुम्हाला महामेळावा पटो न पटो. सरकार त्याच्या चकचकीत सौधात बसणार आणि त्याच गावातल्या नागरिकाने दूर उभं राहून "आम्हाला हे मान्य नाही" म्हणायचं नाही? आणि हे फक्त मराठी माणसाला भोगावं लागतं असं समजू नका. सौधाबाहेर ऊसवाले येतात, अंगणवाडीच्या बायका येतात, त्यातले बहुतेक कन्नड बोलणारे. व्हॅन त्यांच्यासाठीही उभी असतेच.

आता आपल्या लोकांना. आपले काही पुढारी १०७ ची नोटीस पदकासारखी मिरवतात. माझ्यावर इतक्या केसेस, त्याच्यावर तितक्या. व्यासपीठावर टाळ्या पडतात. पण एकाने तरी, गेल्या तीस वर्षांत, "सारांश कुठाय, चौकशी कुठाय" म्हणून प्रत्येक नोटिशीला लेखी उत्तर दिलेलं मी बघितलं नाही. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. हा कागद तर आपल्या दारात येतो, त्याला उत्तर द्यायला मुंबईचा वकील लागत नाही.

आणि महाराष्ट्राला. १ नोव्हेंबरला तिकडून काळ्या फिती लावल्याचे फोटो येतात, बरं वाटतं. पण तिकडेही मोर्चाच्या आदल्या दिवशी कार्यकर्त्यांना १४९ च्या नोटिसा जातात, आता त्याचं १६८ झालंय. जुलै २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं, त्यातल्या व्याख्या किती सैल आहेत यावर केवढा वाद झाला. मला दोन्हीकडची भाषा ओळखीची वाटते. उद्या बेळगाव महाराष्ट्रात गेलं आणि शहापुरातल्या एखाद्या कन्नड मुद्रकाच्या दारात तसलीच लिस्ट घेऊन मराठी पोलीस आला, तर आपण त्याचे जामीनदार होणार का? आमचा कागदवाला झाला होता.

मी पहिलं अपील केलं. सुनावणीला गेलो तर साहेब रजेवर. दुसऱ्यांदा गेलो तर नवीन साहेब, सभ्य माणूस, म्हणाला, काका, आता वडीलही नाहीत, कशाला त्रास घेता? नाव यादीतून काढतो. मी म्हटलं, नाव काढा, पण का घातलं होतं ते लिहून द्या. तो हसला. निर्णयाचा कागद आला: नाव वगळण्यात आले, अपील निकाली. कारण नाही. खाली सही, तोच प्रकार, फराटा.

मी पुन्हा अर्ज टाकलाय. या वेळी एकच प्रश्न, दीडशे नाही, सहा शब्दांचा: निर्णयावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव काय?

ज्यांच्याकडे असले कागद आलेत त्यांनी झेरॉक्स जपून ठेवा, तारखा लिहून ठेवा, आणि लागले तर मला सांगा, उत्तराचा नमुना करून देतो. कन्नडमध्येही देतो. वाचल्याशिवाय सही मात्र करू नका.

छापखाना २००९ ला विकला. मशीन भंगारात गेलं, खिळे किलोवर. मी एकच गोष्ट ठेवून घेतली. आण्णांची ती मुद्रकाची ओळ, जुळवलेली, दोऱ्याने बांधलेली, केसच्या कोपऱ्यात कायम तयार असायची. आता ती या फाइलवर वजन म्हणून ठेवतो. उलटी अक्षरं आहेत, पण नाव वाचता येतं.